पाथरवटाची लेक, फुलाऱ्याची सून

खूप जुनी गोष्ट आहे, मुलांनो. किती जुनी म्हणाल, तर ज्या डोंगराच्या पायथ्याशी ती घडली तो डोंगर तेव्हा आजच्यापेक्षा उंच होता. त्याचे दगड अजून लोकांच्या घरांत जायचे होते.

त्या डोंगराच्या उगवतीला पाथरवटांची वस्ती होती आणि मावळतीला फुलाऱ्यांचं गाव. वस्तीत दिवसभर छिन्नी-हातोड्याचा आवाज चाले. गावाकडून आवाज येत नसे, पण वारा फिरला की खिंडीतून मोगऱ्याचा वास यायचा. मग पाथरवट हातोडा खाली ठेवत, कपाळ पुसत आणि म्हणत, "काय नशीब काढलंय त्या लोकांनी. फुलाला वजन न्हाई आन् फुलाऱ्याला घाम न्हाई."

दुरून डोंगर साजरे असं आपण म्हणतो. इथे तर डोंगर मधेच उभा होता, त्यामुळे त्याच्या पलीकडचं सगळंच साजरं वाटायचं.

वस्तीतल्या एका पाथरवटाला दोन मुली होत्या. थोरली सगुणा आणि धाकटी तानू. त्यांची आई लवकर गेली. सगुणा लहानपणापासून बापाबरोबर खाणीवर जायची आणि दगडाच्या कपच्या पाटीत भरून बाहेर टाकायची. एकदा जेवायला बसताना बापाने तिच्या हातावर पाणी घातलं आणि त्याची नजर तिच्या तळव्यांवर गेली. कोवळ्या पोरीचे तळवे, पण जुन्या वहाणेसारखे झालेले. त्या दिवशी त्याला घास गेला नाही.

"हिला म्या फुलांच्या घरातच देणार," तो वस्तीला सांगत सुटला. त्याने खिंड ओलांडून खेटे घातले, ओळखी काढल्या आणि शेवटी सगुणाला एका फुलाऱ्याच्या घरी दिलं. पाठवणीच्या वेळी सगळे बाप रडतात. हा हसत होता. लेकीचे दोन्ही हात हातात घेऊन म्हणाला, "आता हे मऊ व्हतील बघ."

सगुणा सासरी आली ती मनात मोठं सुख घेऊन. फुलांच्या राशीत बसायचं, वास घ्यायचा, गजरे करायचे, केसांत माळायचे. अजून काय असणार फुलाऱ्याच्या घरी?

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत सासूने तिला उठवलं. "हात दाखव," ती म्हणाली. सगुणाने लाजून ते पदराखाली घेतले. सासूने ओढून बाहेर काढले, उलटेपालटे करून पाहिले आणि म्हणाली, "बरं झालं बाई. मऊ हाताची सून आली असती तर म्या काय केलं असतं?"

सगुणाला वाटलं, टोमणा आहे. चार दिवस राबल्यावर तिला कळलं की तो टोमणा नव्हता.

दवाने भिजलेल्या मोगऱ्यातून हिंडताना लुगडं गुडघ्यापर्यंत ओलं व्हायचं. खुडायची ती कळी; फूल नव्हे. फूल दिसायला छान असतं, पण सकाळी उमललेलं फूल संध्याकाळपर्यंत पडतं, म्हणून आज संध्याकाळी जी उमलणार ती कळी अंधुक उजेडात बोटाने ओळखावी लागे. ऊन चढलं की खुडणं बंद. मग ओल्या फुलांची पाटी डोक्यावर. फुलाला वजन नसतं हे खरं, पण पाटीभर ओल्या फुलांना असतं, आणि ते मानेला कळतं. थंड पाण्यात हात घालून घालून बोटं चिरायची. त्या चिरांत गुलाबाचे काटे जायचे आणि देठांचा चीक बसायचा. दोरा ओढून ओढून बोटाला घळ पडली. आणि वासाचं म्हणाल तर महिन्याभरात सगुणाच्या नाकाने फुलांकडे पाठच फिरवली. डोळ्यांपुढे मोगऱ्याची रास असायची, पण वास म्हणून काही यायचा नाही. सासू म्हणाली, "समद्यांचं असंच व्हतं. फुलाऱ्याच्या नाकाला फुलं कळत न्हाईत."

केसांत माळायचं तर विसराच. फुलं देवाची, लग्नघरची, गिऱ्हाइकाची. फुलाऱ्याच्या बायकांच्या अंबाड्यात उरलासुरला दोरासुद्धा नसायचा.

आणि दारात येणारी माणसं सगळी हसत येतात असंही नव्हतं. एकदा एक तरुण माणूस आला आणि उंबऱ्याबाहेरच उभा राहिला. "हार पायजे," म्हणाला. "जरा लहान करा." सगुणाच्या नवऱ्याने काही विचारलं नाही. हातातला लग्नाचा हार बाजूला ठेवला आणि तो लहान हार आधी करून दिला. त्या दिवशी सगुणाला कळलं की फुलारी फुलं गुंफतो ती माणसाच्या मनाचा अंदाज घेऊन गुंफतो, आणि ते ओझं कुठल्या पाटीत दिसत नाही.

हे सगळं ती बापाला सांगू शकली असती. पण बाप सणासुदीला खिंड चढून यायचा तो धापा टाकत, हसत, आणि दारातच विचारायचा, "काय गं, सुखात हायेस न्हवं?" त्याचा तो चेहरा पाहिला की तिच्या तोंडून एकच शब्द निघे. "व्हय, बा."

तो येणार असं कळलं की सगुणा घाईघाईने एक मोठा गजरा करायची आणि अंबाड्यावर माळायची. हात पदराखाली घ्यायची. बाप गजरा बघायचा, तृप्त व्हायचा आणि वस्तीत परत जाऊन सांगायचा, "माझी लेक राणीसारखी ऱ्हाते. बसल्या बसल्या फुलं माळते." झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात ना, तसं चाललं होतं. पण मूठ किती दिवस झाकून ठेवणार? कधीतरी त्याच हाताने काम करायचं असतं.

अशात धाकट्या तानूचं लग्न ठरलं.

लग्न वैशाखातलं, गोरज मुहूर्ताचं. सगुणाने बहिणीसाठी आणि नवऱ्या मुलासाठी दोन हार मनात आधीच करून ठेवले होते. आदल्या दिवशी बाप मुराळी होऊन तिला न्यायला आला. पाणी पितापिताच म्हणाला, "सोयऱ्यांनी इचारलं, मांडव कसा सजवणार? म्या म्हटलं, आमच्या दगडांच्या वस्तीत यंदा फुलांचा मांडव बघाल. वर फुलांचं छत, खांबांना फुलं आन् पंगतीतल्या परत्येकाच्या गळ्यात हार. लई खूश झाली मंडळी."

सगुणाने विचारलं, "हे कधी सांगितलंस त्यांना?"

"सुपारी फुटली तवा."

"आन् मला आज सांगतोस, बा?"

"त्यात काय सांगायचं?" बाप हसला. "देवळाची पायरी घडवायची असती तर वरीसभर आधी सांगितलं असतं. फुलांना काय येळ लागतो? हातासरशी करतीस तू."

या गोष्टीत एखादा बोलका पोपट असता तर तो इथे ओरडून म्हणाला असता, 'अरे बाबा, तिचे हात बघ.' पण आमच्या गोष्टीत पोपट नाही. अंगणात एक कावळा होता, त्याचं लक्ष भाकरीवर होतं.

सगुणा म्हणाली, "व्हय, बा. करते."

बाप हात-पाय धुवायला गेला तशी सासू जवळ आली. तिने सगळं ऐकलं होतं. "सांग त्याला," ती म्हणाली. "येवढी फुलं लगीनसराईत मिळायची न्हाईत. आन् मिळाली तरी एका दिसात गुंफायची न्हाईत."

"त्यानं शब्द दिलाय, आत्याबाई."

"शब्द त्यानं दिलाय. फुलं तुला द्यायची हायेत."

सगुणाचे डोळे भरले. "मी सुखात हाय, येवढ्या एका गोष्टीवर माझा बा जगतो. ती कशी काढून घेऊ?"

सासूने पदर खोचला आणि आळीत गेली. घरोघरी जाऊन म्हणाली, "पहाटं माझ्या सुनेबरोबर चला. तिच्या म्हायेरची लाज राखायची हाय." बायका कुरकुरल्या, पण पहाटे सगळ्या बागेत हजर होत्या. मोगरा, गुलाब, कण्हेर, जे मिळेल ते खुडलं. कळ्या ओल्या फडक्यांत निजवल्या आणि टोपल्या गाडीत एकीला एक टेकणार नाहीत अशा बेताने ठेवल्या. ऊन तापायच्या आत सगुणा, तिचा नवरा आणि बाप खिंड उतरून वस्तीत आले. मांडवाला पुरतील एवढी फुलं नव्हतीच, पण सांजेपर्यंत हात चालले असते तर लाज राखली गेली असती.

गाडी थांबते न थांबते तोच बायकांनी सगुणाला ओढून नेलं. तानूला पहिली हळद थोरल्या बहिणीने लावायची होती. तिचा नवरा गुंफायचे धागे भिजवायला झऱ्यावर गेला. जाताजाता सगुणा बापाला म्हणाली, "बा, टोपल्या सावलीत ठेव. मी आलेच."

बापाने टोपल्या सावलीतच ठेवल्या. पण तो पाथरवट होता आणि मदतीला वस्तीतले पाथरवटच होते. माल उतरवला की तो कसा लावायचा हे त्यांना पिढ्यान्‌पिढ्या माहीत होतं. त्यांनी टोपलीवर टोपली, टोपलीवर टोपली अशी ओळंब्यात सरळ रास रचली. वाऱ्याने फुलं उडू नयेत म्हणून सगळ्यात वर एक छानशी फरशी ठेवली. बाप लांब उभा राहून रास न्याहाळत म्हणाला, "आता एक फूल हलायचं न्हाई."

आणि खरंच, एकही हललं नाही.

हळद उरकून सगुणा आली. तिला ती रास दिसली. मग तिने धावत जाऊन फरशी ढकलली. वरची टोपली बरी होती. तिच्याखालचीही जराशी. त्याखालच्या टोपलीवरचं फडकं उचललं तर भाताच्या हंड्यावरचं झाकण काढावं तशी वाफ अंगावर आली. फुलं उकडली होती. काळपट, चिकट लगदा झाला होता.

ती खाली बसली आणि दोन्ही हातांनी त्या लगद्यातून एखाददुसरी धड कळी शोधू लागली. पदर कधी सरकला तिला कळलं नाही. उन्हात तिचे दोन्ही हात उघडे पडले.

बाप पुढे आला होता विचारायला की काय बिघडलं. त्याने फुलं बघितलीच नाहीत.

"हे काय गं?" तो म्हणाला.

"काय न्हाई, बा."

"हात दाखव."

तिने लपवले. त्याने तिच्यासमोर बसून हळूच बाहेर घेतले. चिरलेली बोटं, काट्यांच्या खुणा, चिकाने काळी पडलेली नखं, दोऱ्याची घळ. त्याने त्या तळव्यांशेजारी आपला तळवा धरला.

"हे तर माझ्याच घरचे हात," तो म्हणाला.

मग सगुणाला राहवलं नाही. पहाटेचं दव, पाटीचं ओझं, तो लहान हार, न येणारा वास, सगळं तिने सांगितलं. वस्तीतली माणसं आपापल्या जागी उभी राहून ऐकत होती. ज्यांनी आयुष्यभर खिंडीकडे बघून उसासे टाकले होते, ती मान खाली घालून ऐकत होती.

"आन् त्यो गजरा?" बापाने विचारलं. "मी येतो तवा असतो त्यो?"

"तो तुझ्यासाठी माळायची, बा."

बापाच्या डोळ्यांतून पाणी वाहिलं आणि त्याने ते पुसलं नाही. "मला सांगितलं का न्हाईस?"

"तू समद्यांना किती हौसेनं सांगायचास."

"व्हय," तो म्हणाला. "म्या सांगत ऱ्हायलो. इचारलं न्हाई कधी."

सूर्य कलायला लागला होता. बाप उठला, डोक्याचं मुंडासं नीट केलं आणि लेकीला म्हणाला, "आता तू सांगायचं आन् आमी करायचं. बोल, काय वाचलंय ह्यातून?"

सगुणाने डोळे पुसले आणि टोपल्या पाहिल्या. वाचलेल्या फुलांत दोन हार होत होते आणि मांडवाच्या पुढच्या बाजूला एक माळ. छत नाही, खांब नाहीत, पंगतीचे हार तर मुळीच नाहीत. पण तेवढंही व्हायला हात हवे होते. तिचा नवरा भिजवलेले धागे घेऊन आला, त्याने सगळं एका नजरेत ओळखलं आणि बायकोशेजारी गुंफायला बसला. त्यांच्याभोवती वस्तीतली माणसं बसली.

पहिल्या कळ्या त्यांच्या बोटांत चिरडल्याच. एक म्हातारा पाथरवट हात झटकत म्हणाला, "आमचे हात दगडाचे, पोरी. हे आमाला जमायचं न्हाई."

सगुणा म्हणाली, "मूर्तीचं नाक घडवताना छिन्नी कशी धरता, आजा? नाक उडू नये म्हणून हात आवरता न्हवं? तसा आवरा."

म्हाताऱ्याने हात आवरला. कळी देठाशी बसली आणि धड राहिली. मग हळूहळू सगळ्यांच्याच राहू लागल्या. वस्तीत त्या दुपारी हातोड्याचा आवाज नव्हता. कुणी मोठ्याने बोलतसुद्धा नव्हतं.

वऱ्हाड शिवेवर आल्याची वर्दी आली तेव्हा बाप एकटाच पुढे गेला. मुलाच्या बापापुढे हात जोडून म्हणाला, "फुलांच्या मांडवाचा शब्द दिला व्हता, त्यो पुरा झाला न्हाई. माझ्या लेकीचा दोष न्हाई. तिचं काम किती जड हाय ते म्या कधी बघितलंच न्हवतं, आन् आज माझ्याच हातानं ते नासलं."

मुलाच्या बापाने मान हलवली आणि त्याला हाताला धरून चालवत आणलं. वरमाई मात्र रुसली. मांडवाच्या त्या एकुलत्या माळेकडे बघून तिने नाक मुरडलं. पण रुसवा पंगत बसेपर्यंतच टिकला, आणि पुरणपोळी वाढल्यावर तो कुठे गेला ते तिलाही आठवलं नाही. गोरज मुहूर्तावर तानूने नवऱ्याच्या गळ्यात हार घातला. हारातल्या कळ्या अजून मिटलेल्या होत्या. मंगलाष्टकं संपता संपता त्या एकेक करून उमलू लागल्या आणि तेव्हा वस्तीला कळलं की सगुणा कळीच का खुडते.

गोष्ट इथे संपली असती तरी चाललं असतं. पण थोडी उरली आहे.

पावसाळा सरल्यावर एका पहाटे फुलाऱ्यांच्या गावात बापाची गाडी आली. गाडीत एकाच दगडात कोरलेली, पाण्याची मोठी दोण होती, कमरेएवढ्या उंचीच्या पायांवर उभी राहील अशी. "वाकून वाकून पाठ जात असंल तुझी," तो म्हणाला. "आन् दगडात पाणी गार ऱ्हातं, फुलं टिकतील." मग त्याने वहाणा काढल्या आणि विचारलं, "चल, बाग कुठं हाय? आज तुझं काम बघणार हाय मी."

सगुणा तशीच उठून आली होती. केसांत काही नव्हतं, हात पदराबाहेर होते. दिवसभर बाप तिच्या मागे हिंडला. भिजला, वाकला, काटे टोचून घेतले आणि एक पाटी डोक्यावर घेतल्यावर सासूकडे बघून म्हणाला, "विहीणबाई, ह्याच्यापरीस दगड बरा." सासू आयुष्यात पहिल्यांदा एवढी हसली.

संध्याकाळी तो अंगणात बसून काहीतरी खटपट करत होता. शेवटी उठला आणि एक गजरा लेकीच्या अंबाड्यावर माळला. वाकडातिकडा, कुठे दाट, कुठे विरळ. ओळंबा लावून भिंत उभारणाऱ्या माणसाने आजवर एवढं वाकडं काही केलं नव्हतं. सगुणाने तो हाताने चाचपून पाहिला.

"झ्याक वास सुटलाय गं," बाप म्हणाला.

पूर्वीची सगुणा म्हणाली असती, व्हय, बा. ती म्हणाली, "मला येत न्हाई, बा."

बाप तिच्याजवळ बसला. डोळे मिटून त्याने एक लांब श्वास घेतला.

"मग ऐक," तो म्हणाला. "कसा येतोय ते मी सांगतो."

बोध एवढाच: आपल्या माणसाचं काम हलकं आहे असं मानण्याआधी एकदा त्याचे हात हातात घेऊन बघावेत, आणि आपले हात आपल्या माणसापासून झाकू नयेत.